हेमकूटमधून कोण निघालं

त्रिपुरसुंदरीबाईंची सगळी नोकरी कुंभकोणमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. निवृत्त झाल्या तेव्हा खात्यानं हार घातला, शाल दिली आणि भिंतीवर लावायला एक घड्याळ दिलं. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. नोकरीतून टिकाऊ असं हाती काय आलं म्हणाल, तर संशय.

यावरून कुणी त्यांना कजाग समजू नये. तांदूळ निवडून निवडून एखादीचे डोळे आपोआप खड्यावर जातात, तसं त्यांचं मन झालं होतं. ट्रंक कॉल हातानं जोडून द्यायचे दिवस त्यांनी पाहिले होते. कानावर पडलेलं तोंडावर येऊ द्यायचं नाही हा त्यांचा नेम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. पण कोण कुणाला फोन लावतो, हे कळल्यावाचून कसं राहील? विड्याच्या पानांचा एखादा व्यापारी सकाळपासून मद्रासला लागोपाठ फोन लावी आणि त्याच आठवड्यात पानांचा भाव कोसळे. साक्कोट्टैच्या गिरणीवाल्याचा धाकटा भाऊ तंजावरच्या वकिलाशी बोलू लागला की पुढच्या सणापर्यंत त्या घरात दोन चुली होत.

"बोलणें ऐकावयास कशास पाहिजे?" त्या भावजयीला सांगत. "कोण कुणाच्या दारीं जातो, तें बघितलें कीं पुरे."

"म्हणून तर वन्सं, दूधवाला शेजारी जास्त वेळ थांबला कीं तुम्ही आपलें दूध मोजून घेतां," पंकजा म्हणे.

घरात दोघीच. त्रिपुरसुंदरीबाईंनी लग्न केलं नव्हतं. भाऊ जानकीराम मुलगी शाळेत असतानाच गेला. मागे राहिल्या पंकजा आणि ती मुलगी, कीर्ति. दारापुढच्या ओट्यावर तमिळ, आणि उंबऱ्याच्या आत पणज्याच्या पणज्यानं या मुलखात आणलेली मराठी, अशी त्या घराची वहिवाट होती. ती मराठी ऐकून पुण्यामुंबईची माणसं हसत. म्हणत, बखर वाचल्यासारखं वाटतं. त्याचं या दोघींना काही वाटत नसे.

निवृत्तीनंतर त्रिपुरसुंदरीबाईंनी आपली पुंजी शेअर बाजारात घातली, आणि तिचा मोठा भाग एकाच ठिकाणी: हेमकूट गोल्ड माइन्स. कर्नाटकाच्या डोंगरात हिची सोन्याची खाण.

"सोनें घ्यावयाचें तर गळ्यांत घालावें," पंकजा म्हणाली. "भुईंतलें सोनें घेऊन काय करावें?"

"गळ्यांतलें वाढत नाहीं."

"आणि भुईंतलें दिसत नाहीं!"

दिसत नव्हतं हे खरं. म्हणूनच त्रिपुरसुंदरीबाई खाणीकडे पाहत नसत; खाणीच्या दारातून कोण आत येतो आणि कोण बाहेर जातो, ते पाहत. असल्या कंपनीचा भाव तुमच्या-आमच्यामुळे हलत नाही. तो हलवतात म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी फंड. या बड्यांपैकी कुणाकडे किती हिस्सा आहे, हे कंपनीला दर तिमाहीला जाहीर करावं लागतं. शिवाय एखाद्यानं एकाच दिवसात मोठा गठ्ठा घेतला किंवा विकला, तर त्याचं नाव त्याच संध्याकाळी बाजाराच्या यादीत येतं. देवापुढे दिवा लावून झाला की त्रिपुरसुंदरीबाई चष्मा चढवून फोनवर ती यादी उघडत. हेमकूटचं नाव दिसलं की स्वयंपाकघराकडे तोंड करून बातमी देत, "पंकजा, विमावाले निघाले गं!" किंवा, "परदेशचे आले!" त्यांच्या बाजाराच्या भाषेत क्रियापदं दोनच होती. आले आणि निघाले.

कीर्ति याच भाषेत वाढली. कॉलेजातून आली की चपला काढता काढता विचारायची, "आत्ते, आज कोण निघालें?" आत्तेनंच तिला शिकवलं, आणि शिकून ती गेली कुठे, तर मुंबईला, एका मोठ्या फंडात. कंपन्यांचा अभ्यास करून काय घ्यावं, काय विकावं याची टिपणं करायची तिची नोकरी. आणि हेमकूटमध्ये बड्यांतला सगळ्यांत मोठा हिस्सा होता तो नेमका याच फंडाचा.

नोकरीच्या पहिल्याच रविवारी कीर्तिनं फोनवर बजावलं, "आत्ते, आजपासून कुठल्या कंपनीचं काही विचारायचं नाही. विचारलंस तरी मी सांगणार नाही. आमच्यात ते गुन्हा आहे."

"मजला शिकवूं नको," आत्ते म्हणाली. "अवघ्या गांवाचें बोलणें पोटांत ठेवून निवृत्त झाल्यें मी."

आणि त्यांनी कधी विचारलं नाही. पण न विचारणं वेगळं आणि संशय न येणं वेगळं.

यंदा त्यांचा संशय वाढायला कारणही होतं. विमा कंपन्या हेमकूटमधून निघाल्या. परदेशी फंडांपैकी एक निघाला, दुसरा आला, पण आला तो चोरपावलांनी, थोडंथोडं घेत. कीर्तिचा फंड तेवढा जिथल्या तिथे बसून होता. का बसला होता? त्याला काही ठाऊक होतं, की बाकीच्यांना? दर रविवारी त्रिपुरसुंदरीबाई भाचीचा आवाज पारखत. कीर्ति भाड्याच्या खोलीतल्या ओलीबद्दल बोलायची, कार्यालयातल्या सौम्या नावाच्या मैत्रिणीच्या लग्नाबद्दल बोलायची, डांगर पचडीत हिंग आधी की मागून ते विचारायची. खाणीचं नाव काढायची नाही. काढणारच नव्हती, तरी त्या न काढण्यातही आत्तेला काहीतरी दिसायचं. पुंजी गेली तर जाईल, त्यांना त्याचं एवढं नव्हतं. त्यांना टोचत होतं ते वेगळंच. आपल्या हाताखाली वाढलेली पोर सगळं ठाऊक असून आपल्याला डोळ्यांदेखत बुडू देईल का?

अशात एका गुरुवारी, भर दुपारी कीर्तिचा फोन आला. गुरुवारी तिचा फोन कधी येत नसे.

"आत्ते, आई फोन उचलत नाहीये. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली का?"

"पुढल्या महिन्यांत म्हणाले. पंकजा देवळांत गेली आहे. तूं जेवलीस?"

"हो, जेवले. तारीख कळली की मला सांग हं, रजा काढायला लागेल. चल आत्ते, निघते."

आणि फोन बंद.

त्रिपुरसुंदरीबाई फोन हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या घरात निरोपाचा शब्द एकच होता, जाऊन येतें. उंबरा ओलांडताना तेच म्हणायचं, फोन ठेवतानाही तेच. जाते, निघते असले शब्द मागे राहणाऱ्याच्या कानावर टाकायचे नाहीत. परत येण्याची ज्याची इच्छा नाही, त्यानं ते म्हणावेत. कीर्ति मुंबईला गेली तेव्हा रडत रडत का होईना, "जाऊन येतें" म्हणूनच गाडीत चढली होती. आणि आज, गुरुवारी, आईच्या डोळ्याचं एवढंसं निमित्त काढून फोन करते काय आणि "निघते" म्हणते काय!

निघते. आले आणि निघाले यांतलं निघते.

पोरीनं कायदाही मोडला नाही आणि आत्तेलाही बुडू दिलं नाही, असं त्यांना वाटलं. त्यांचे डोळे भरून आले. पदरानं डोळे पुसून त्यांनी हरिकृष्णाला फोन लावला. महामहम तळ्याजवळ त्याचं शेअर दलालीचं ऑफिस होतं, आणि त्यांचा सगळा व्यवहार त्याच्यामार्फत चालायचा.

"अक्का, सगळे विकायचे?" हरिकृष्णानं तमिळमध्ये विचारलं. "तुमच्या लाडक्या खाणीतून बाहेर? देवळात नवस बोललात की काय?"

"प्रश्न नकोत. वीक."

त्यानं विकले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी यादी उघडली तर हेमकूटपुढे कीर्तिच्या फंडाचं नाव होतं. फार मोठा गठ्ठा त्यानं विकला होता. त्रिपुरसुंदरीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पंकजा," त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाल्या, "आज कांहीं गोड कर."

"कां हो वन्सं? कोण आलें?"

"निघाले. पण आपण आधीं निघालों."

शिरा ताटात पडायच्या आत कीर्तिचा फोन आला. तिचा आवाज इतका खाली होता की एक्स्चेंजमध्ये असता तर त्यांनी लाइन तपासायला लावली असती.

"आत्ते, तू काल हेमकूट विकलंस?"

खातं उघडताना त्रिपुरसुंदरीबाईंकडे ईमेल नव्हता. म्हणून हरिकृष्णानं कीर्तिचाच पत्ता घातला होता. त्यांच्या प्रत्येक व्यवहाराची पावती तिच्याकडे जायची, आणि कालचीही गेली होती.

"विकलें," आत्ते म्हणाली. "तुजला ठाऊक नाहीं काय?"

"का विकलंस? कालच का विकलंस?"

"आतां अगदीं भोळी होऊं नको. तूंच नाहीं कां सांगितलेंस?"

"मी? मी काय सांगितलं?"

"निघतें म्हणालीस."

"आत्ते, मी मीटिंगला निघत होते!" कीर्ति ओरडलीच. "मी सगळ्यांना म्हणते ते! इथं सगळेच म्हणतात!"

"मजला म्हणाली होतीस कधीं?"

यावर कीर्ति रडू लागली. फंडाचा विकायचा निर्णय बुधवारी झाला होता आणि तो माहीत असणाऱ्या मोजक्या माणसांत ती होती. गुरुवारी तिनं आत्तेला फोन केला, त्यानंतर घटकाभरात आत्तेनं सगळं विकलं, आणि शुक्रवारी फंडानं. "कोण विश्वास ठेवील? मीच मला विचारतेय, मी मुद्दाम तर नाही ना बोलले?"

सोमवारी तिनं स्वतःच जाऊन ती पावती वरिष्ठांपुढे ठेवली. त्यांनी तिचा संगणक काढून घेतला आणि चौकशी होईपर्यंत घरी बस म्हणून सांगितलं. तिनं इशारा दिला असं ठरलं तर नोकरी जाणार होतीच, पण त्या धंद्यात दुसऱ्या कुणीही तिला दारात उभं केलं नसतं.

त्या दिवसापासून पंकजा वन्संशी कामापुरतंच बोलू लागली. मग चौकशीसाठी मुंबईहून फोन येणार असल्याचं कळलं, तेव्हा ती हरिकृष्णाला घेऊनच घरी आली.

"अक्का, सोपं आहे," हरिकृष्ण म्हणाला. "सांगायचं, छप्पर गळतंय, पैसे हवे होते. मी साक्ष देतो. छप्पर गळतंच आहे ना तुमचं?"

"कोठीच्या कोपऱ्यांत गळतें," पंकजा म्हणाली.

"झालं तर! खोटंसुद्धा नाही."

"छपरासाठीं विकले नाहींत मी," त्रिपुरसुंदरीबाई म्हणाल्या.

"मग काय, निघतें म्हणाली म्हणून विकले, असें सांगणार?" पंकजाचा आवाज चढला. "वन्सं, त्याचा अर्थ ते काय घेतील? इशारा दिला, असाच घेतील! खरें सांगून माझ्या लेकीला बुडवणार तुम्ही? लेक माझी आहे, हें विसरूं नका!"

इतक्या वर्षांत पंकजा हे वाक्य कधी बोलली नव्हती. हरिकृष्ण उगाच चप्पल शोधू लागला.

त्रिपुरसुंदरीबाईंचं मन छपराकडे झुकत होतं, हे सांगितलं पाहिजे. छपरात सगळ्यांची सोय होती. पण फोनवर खोटं बोलणारा माणूस वाक्याच्या शेवटी श्वास कसा घेतो, हे त्यांच्या कानाला चांगलं माहीत होतं. आणि पलीकडच्या माणसाला ते माहीत नसेल कशावरून? छप्पर खोटं ठरलं तर मग काहीच खरं ठरणार नव्हतं.

फोन आला तो फंडातर्फे चौकशी करणाऱ्या आश्लेषा ठोसर नावाच्या बाईंचा. बोलणं रेकॉर्ड होत असल्याचं त्यांनी आधी सांगितलं. आवाज मध्यम वयाचा, कोरडा. मराठीतून बोललं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं.

"चालेल. आमची मराठी तुम्हांस समजली म्हणजे झालें."

"शेअर्स का विकलेत?"

पंकजा खांबाला टेकून उभी होती. त्रिपुरसुंदरीबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"कीर्ति निघतें म्हणाली, म्हणून."

"म्हणजे भाचीनं तुम्हाला सूचना दिली."

"दिली नाहीं. मी घेतली."

"यात फरक काय?"

मग त्रिपुरसुंदरीबाईंनी सगळं सांगितलं. घरातला निरोपाचा शब्द, जाऊन येतें. बाजाराचे आपले दोन शब्द. गुरुवार. आणि शेवटी, जे सांगायला त्यांना सगळ्यांत जड गेलं ते: "महिनोन्महिने मी तिच्यावर संशय घेत होत्यें, बाई. हिला ठाऊक आहे आणि ही सांगत नाहीं, म्हणून. कांहींतरी ऐकावयास माझे कान टपलेले होते. ती खोकली असती तरी मी विकले असते."

ठोसरबाई काही लिहून घेत असाव्यात. "तुम्ही म्हणता ते मला कळलं," त्या म्हणाल्या, "पण जी मुलगी कायम जाऊन येते म्हणते ती नेमकी त्याच दिवशी निघते म्हणते, हे मला वर पटवून द्यायचंय. साधं बोलणं असं नेमकं बदलतं का? मला तर हा ठरवून वापरलेला शब्द वाटतो. आपल्यात फोनवर असं कोण म्हणतं?"

"मजला काय ठाऊक. मी तर कधीं ऐकला नव्हता."

"ठीक आहे. तुमचा जबाब झाला. अजून काही लागलं तर फोन करीन. मला पुढची मीटिंग आहे, चला, निघते."

फोन मात्र बंद झाला नाही. पलीकडे खुर्ची करकरली. मग कुणीतरी हसू दाबल्याचा आवाज आला, आणि तो ठोसरबाईंचाच होता.

"मावशी," त्या म्हणाल्या, "हे पण रेकॉर्ड झालं हो."

त्यांनी पुढे आणखी तपास केला तो वेगळा. कीर्तिच्या ऑफिसच्या फोनवरचे जुने कॉल काढून ऐकले. त्यांत ती दलालांना, हिशेबवाल्यांना, चहावाल्यालासुद्धा निघते म्हणत होती. कीर्तिला कामावर परत घेतलं. ताकीद दिली, आणि एक अट घातली: तिचा फंड ज्या कंपन्यांवर नजर ठेवतो, त्यांत आत्तेनं व्यवहार करायचा नाही. फंडाची नजर नव्हती अशी कंपनी शोधायला हरिकृष्णानं एक दुपार घालवली आणि शेवटी खातंच बंद केलं. जाता जाता त्यानं बातमी दिली की हेमकूटचा भाव चढतोय. फंडानं टाकलेला माल परदेशवाल्यांनी उचलला होता.

"चढूं दे," त्रिपुरसुंदरीबाई म्हणाल्या. पण संध्याकाळी दिवा लावून झाला की त्यांचा हात चष्म्याकडे जायचा आणि परत यायचा.

संशय कुठे असा खात्याबरोबर बंद होतो? ठोसरबाईंनी चहावाल्यापर्यंत सगळे कॉल ऐकले असतील. पण चहावाल्याला म्हटलेलं निघते आणि आत्तेला म्हटलेलं निघते एकच होतं का? पोर म्हणाली होती, मीच मला विचारतेय. एकदा त्यांना वाटायचं, तिनं मुद्दामच म्हटलं होतं. आणि मग भीती वाटायची. एकदा वाटायचं, नव्हतंच म्हटलं. आणि मग त्याहून वाईट वाटायचं.

ऑपरेशनसाठी कीर्ति आली. पंकजाच्या डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि ती पलंगावरून स्वयंपाकघर चालवत होती. "मीठ घातलें काय? मोहरी करपली, मजला वास येतो!" मागच्या पडवीत आत्ते आणि भाची कच्ची केळी सोलत बसल्या होत्या. हाताला तेल लावायचं कीर्ति विसरली होती. बोटं काळी झाली होती.

"कीर्ति," त्रिपुरसुंदरीबाई म्हणाल्या, "त्या गुरुवारीं तुजला ठाऊक होतें."

"होतं."

"मजकडे तो शेअर आहे, हेंही ठाऊक होतें."

"पावत्या माझ्याकडेच यायच्या, आत्ते."

"मग फोन केलास तेव्हां, मनांत कांहींच आलें नाहीं?"

कीर्तिनं सोललेलं केळं पाण्यात टाकलं. "आलं. रोज यायचं. बुधवारी तर जेवण गेलं नाही." तिनं दुसरं केळं हातात घेतलं. "आत्ते, समज, मी तुला सरळ सांगितलं असतं. आणि मग ठोसर मॅडमनी तुला विचारलं असतं. तू काय सांगितलं असतंस?"

त्रिपुरसुंदरीबाईंनी विचार केला. अगदी प्रामाणिकपणे, छपरासकट विचार केला.

"तूं सांगितलेंस, असें सांगितलें असतें."

"मग?" कीर्ति म्हणाली. "कशी सांगणार होते मी तुला?"

आतून पंकजानं विचारलं, केळी सोलताय की पिकवताय. त्रिपुरसुंदरीबाई उठल्या. कीर्तिच्या शेजारी तेलाची वाटी सरकवून ठेवली, आणि विळी घेऊन आत गेल्या.